ओट्यावरचं चौथं बटण

शनिवार, ६ डिसेंबर

ही वही लॅपटॉपसाठी आहे, माझ्यासाठी नाही. टेलिफोन खात्यात असताना आम्हा लाइनमनना अशी दोषवही ठेवावी लागायची. दोष काय, कधी दिसला, त्याआधी काय बदललं, आपण काय केलं. अडतीस वर्षं ठेवली. परवा दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, मनात येईल ते लिहीत जा, बरं वाटेल. मी म्हटलं बघतो. म्हणजे नाही. मनात येईल ते लिहायला मी काय शाळकरी मुलगी आहे?

तर, दोष. केसल पुलाखाली ओढ्याचं पाणी मोजणारा दांडा आहे. तो रेडिओवरून आमच्या बिलारा गावच्या हॉलमधल्या लॅपटॉपला दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतो. पाणी चार मीटरवर गेलं की लॅपटॉप खालच्या सपाटीवरच्या चौदा घरांना फोनवर निरोप धाडतो, म्हणजे त्यांना गुरं वर काढायला वेळ मिळतो. हे यंत्र येण्याआधी तीस वर्षं हे काम मी करत होतो. टॉर्च, रेनकोट आणि घरोघरी फोन. चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोने, व्हर्नाने, आणि त्या कॉरिन व्हेलाने मिळून हे सगळं बसवलं. कॉरिन सिडनीहून इथे राहायला आलेली, तिथे हॉस्पिटलातल्या कागदपत्रांच्या खोलीत कामाला होती. आपल्याला सगळं कळतं अशा चेहऱ्याने बोलते.

लॅपटॉप झोपतो. मंगळवारी संध्याकाळी सव्वापाच ते बुधवारी सकाळी नऊ, एकही आकडा नाही. काल शुक्रवारी पाच वीस ते आज सकाळी आठ, पुन्हा नाही. याआधी चार वर्षांत असा खंड कधी पडला नव्हता.

दोष शोधण्याचा पहिला नियम म्हणजे शेवटचं काय बदललं ते शोधा. सोमवारी कॉरिनने अपडेट केलं. या हॉलमध्ये दुसरं काहीही बदललेलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

काल लिहायचं राहिलं. मंगळवारपासून हॉल बंद करण्याची फेरी मी घेतली. मंगळवारी पत्ते आणि विणकाम, शुक्रवारी साफसफाई. सगळे गेले की खिडक्या बघायच्या, फ्रिज सोडून सगळं भिंतीवरच्या बटणांवरून बंद करायचं, कुलूप लावायचं. सव्वीस वर्षं ही व्हर्नाची फेरी होती. तिला पुरून आल्यावर चहाच्या वेळी ग्वेन स्टॅकने विचारलं, आता फेरी कोण करणार? ग्वेन हॉल कमिटीची अध्यक्ष. मी म्हटलं मी. 

घरीसुद्धा मी टोस्टर, रेडिओ, दिवा सगळं भिंतीवरूनच बंद करतो. आमची आई तर इस्त्रीचं बटण बंद केलं की नाही हे बघायला चर्चमधून परत यायची. आजकालची माणसं सगळं चालू टाकून जातात.

शुक्रवारी ओटा पुसताना दिसलं की बटणांच्या ओळीत शेवटच्या, चौथ्या बटणावर कुणीतरी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. बुधवारच्या खेळगटातली पोरं, दुसरं कोण. चाकूने खरवडून काढला.

बुधवार, १० डिसेंबर

पुन्हा. मंगळवारी ५.२० ते आज सकाळी ९.०५.

कॉरिनला बोलावलं. ती सेटिंगमध्ये शिरली आणि म्हणाली, "हे बघा अथॉल, अपडेटने झोपेची वेळ बदललीये. बॅटरीवर असेल तर पंधरा मिनिटांनी झोपायचं, असं झालंय."

"पण तो बॅटरीवर नाहीच. चार्जर लागलेला असतो."

"नोंदीत तर कारण बॅटरी लिहिलंय. वीज गेली होती का?"

वीजवाल्यांना फोन केला. गेली नव्हती. म्हणजे नोंद खोटी. मी तिला म्हटलं, ज्या यंत्राला आपण विजेवर आहोत की नाही हे कळत नाही, त्याच्यावर तू चौदा घरं सोडतेस? ती "कधीच झोपू नको" असं सेटिंग करून गेली.

शनिवार, १३ डिसेंबर

सुधारणा आहे. काल ५.२० ऐवजी ७.४० ला झोपला. आज सकाळी आठला शनिवारच्या रोपं-विक्रीच्या बायका आल्या, चहाचा बंब लावला, तेव्हा जागा झाला.

मंगळवार, १६ डिसेंबर

माझा जुना मीटर नेला. सॉकेट मोजलं. दोनशे एक्केचाळीस व्होल्ट, खणखणीत. चार्जरचा दिवा हिरवा. वायर वाकवून, हलवून पाहिली. मी हाताने जोडलेल्या लाइनी अजून खांबांवर आहेत, मला कोण शिकवणार. दोष विजेत नाही. दोष डबड्यात आहे, आणि तो डबड्यात कुणी घातला हे सगळ्यांना माहीत आहे.

पाचला सगळं बंद करून घरी आलो. मटणाचे चॉप दोन आणले होते. एक शिजवला.

बुधवार, १७ डिसेंबर

७.३५ ते सकाळी ९. मंगळवारीच का, हे विचारलं तर लायल टीग म्हणाला, अपडेटं मंगळवारीच येतात असं त्याचा जावई म्हणतो. लायल सपाटीवरचा सगळ्यात खालचा गोठेवाला, माझ्याबरोबर शाळेत होता. मग शुक्रवारचं काय? लायल म्हणाला, "मंगळवारी खाल्लेलं शुक्रवारी पचवत असेल." त्याला सगळ्याचीच चेष्टा.

गुरुवार, २५ डिसेंबर

लायलकडे जेवायला. कोळंबी, थंड हॅम. त्याची बायको सारखी माझ्या ताटात वाढत होती आणि व्हर्नाचं नाव टाळत होती. लायलने बाहेर नेऊन कालवडी दाखवल्या. एकतीस, सगळ्या गाभण, एकीसारखी एक. "यांच्यावर पुढची दहा वर्षं," तो म्हणाला. "खालच्या कुरणात ठेवल्यात. गवत तिथेच आहे."

मी म्हटलं, लॅपटॉप नीट होईपर्यंत वर ठेव.

"तू बघतोयस ना त्याच्याकडे? मग झालं."

शनिवार, १० जानेवारी

न्हाणीघरातलं व्हर्नाचं कपाट रिकामं केलं. गोळ्या, केसांच्या पिना, आणि मागे लाल नेलपॉलिशची बाटली. जवळजवळ भरलेली.

त्रेपन्न वर्षं मी त्या बाईबरोबर राहिलो. तिने नखं कधी रंगवली नाहीत. गायी पिळल्या, बागेत राबली, नखं कापून ठेवायची. मग ही कुणासाठी? बाटली जुनी नाही, मागे तारीख चार वर्षांपूर्वीची. तेव्हाच ती दर गुरुवारी कॉरिनबरोबर हॉलमध्ये जायला लागली होती, यंत्र बसवतोय म्हणून. घरी येऊन हसायची. मी विचारलं की म्हणायची, "तुला नाही कळायचं."

फेकणार होतो. परत ठेवली.

शुक्रवार, १६ जानेवारी

हॉल बंद करत होतो तेव्हा कॉरिन आली. दारात उभी राहून माझी फेरी बघत होती.

"अथॉल, एक बोलू का? जाताना तुम्ही ती बटणं..."

"ही व्हर्नाची फेरी आहे."

"हो, माहितीये. मी फक्त म्हणते की ते शेवटचं..."

"कॉरिन, सव्वीस वर्षं तिने ही फेरी केली. तिला कुणी शिकवायला आलं नाही. मलाही शिकवू नकोस."

कानापर्यंत लाल झाली. बरं म्हणाली आणि गेली. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत बाईला जाऊन आणि तिच्या कामात नाक खुपसायला आली. मला घरी येईपर्यंत राग होता. घरी आल्यावरही होता.

मंगळवार, २० जानेवारी

ओट्यावर बटणांच्या ओळीत पांढरी चिकटपट्टी. वर काहीतरी खरडलेलं. चष्मा गाडीत होता, पण अक्षर कॉरिनचं. तिला चिठ्ठ्या चिकटवायचं वेड आहे. बंबावर "गरम", दारावर "ओढा", जसे काही आम्ही दारं प्रथमच बघतोय. काढून टाकली, डिंक राहिला तो रॉकेलने पुसला. सगळं बंद केलं.

शनिवार, २४ जानेवारी

आज स्वतः बसून अपडेट काढून टाकलं. चार तास लागले. तीन ठिकाणी विचारतं, नक्की का? नक्की. जुनं परत आलं. कॉरिनने फोनवर विचारलं, "हॉल बंद करायचं काम काही दिवस मी करू का? तुम्हाला आराम." मी म्हटलं, मला आराम मिळाला तर मी काय करू ते आधी सांग.

बुधवार, २८ जानेवारी

एकही खंड नाही. रात्रभर आकडे सलग.

शनिवार, ३१ जानेवारी

कालही नाही. अपडेट काढलं आणि आजार गेला. ग्वेनला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "शाब्बास, अथॉल." बऱ्याच दिवसांनी कुणी असं म्हणालं. कॉरिनला नाही सांगितलं, तिला कळेलच.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चार आठवडे, एकही खंड नाही. लिहायला काही नाही. टोमॅटो आले. व्हर्ना त्यांची चटणी करायची, कशी ते मला माहीत नाही. बरेचसे लायलकडे दिले.

मंगळवार, ३ मार्च

आज पोस्टातून उशिरा परत येताना साडेपाचला हॉलसमोर कॉरिनची गाडी दिसली. मी तर पाचला कुलूप लावून गेलो होतो. आत शिरली, दोन मिनिटांत बाहेर आली, इकडेतिकडे बघून गाडीत बसली.

म्हणजे माझ्या मागे यंत्राशी काहीतरी करते. किती दिवसांपासून कोण जाणे.

शुक्रवार, ६ मार्च

ग्वेनला सांगितलं. मी खात्यात हेच शिकलो, एका यंत्राला एकच हात. दोन माणसं हात घालायला लागली की दोष सापडत नाही. ग्वेनने कॉरिनकडून किल्ली मागून घेतली. मी समोर होतो. कॉरिनने किल्ली साखळीतून काढायला फार वेळ लावला.

"ग्वेन, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नंतर फोन करते."

काय सांगणार होती ते मला ठाऊक आहे. माझ्याविरुद्ध काहीतरी.

शनिवार, ७ मार्च

काल ७.३० ते आज सकाळी ८. खंड परत. किल्ली दिली त्याच दिवशी. जाता जाता काय करून ठेवलं तिने?

मंगळवार, १० मार्च

सबंध दिवस तपासलं. सेटिंग सगळी बरोबर. चार्जर हिरवा. मला काही सापडलं नाही. पाचला बंद केलं. वर डोंगराकडे काळं झालंय, पण हवामानाच्या अंदाजात किनाऱ्याकडे सरकेल असं आहे.

बुधवार, ११ मार्च

सहाला लायलचा फोन. "ये," एवढंच म्हणाला.

ओढा रात्री दोनच्या सुमाराला चढला. डोंगरावर ढग फुटला असणार. खालचं कुरण सगळं पाण्याखाली. कालवडी कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा झाल्या आणि तिथेच राहिल्या, तारेत पाय अडकून. नऊ वाचल्या. बाकीच्या बावीस आम्ही ट्रॅक्टरने ओढून काढल्या. एक अजून जिवंत होती, तिला लायलने गोळी घातली. मी तिचं डोकं धरलं होतं.

"मेसेज आला नाही, अथॉल," लायल म्हणाला. "फोन उशाशीच होता. मी म्हटलं, मेसेज नाही म्हणजे पाणी नाही."

 पूर्वी असा काळोख वर दिसला असता तर मी घरी झोपलो नसतो, पुलावर उभा असतो. हे यंत्र आल्यापासून मी आकाशाकडे बघणं सोडलं. कुणी सोडायला लावलं?

हॉलमध्ये जाऊन पाहिलं. शेवटचा आकडा ७.३०.

मंगळवार, १७ मार्च

कमिटीची सभा. सपाटीवरचे सगळे आले होते, खुर्च्या कमी पडल्या. ग्वेनने मला बोलायला सांगितलं. मी ही वही नेली होती. पहिल्यापासून वाचून दाखवलं, तारखा, वेळा, काय बदललं. अपडेट कुणी केलं. मी ते काढल्यावर सहा आठवडे कसं नीट चाललं. माझ्या मागे किल्लीने कोण आत शिरत होतं. व्हर्नाबद्दलचं तेवढं गाळलं. लायल माझ्या शेजारी बसला होता, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ग्वेनने विचारलं, "कॉरिन, तू तीन तारखेला संध्याकाळी आत काय करत होतीस?"

कॉरिन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग लायलकडे. काय बघत होती कोण जाणे. मग म्हणाली, "लॅपटॉप बघत होते. चालू आहे ना ते."

"तुला काय अधिकार?" हे मागून कुणीतरी.

"काही नाही," ती म्हणाली. "मी कमिटी सोडते."

लायल तिला म्हणाला, "बावीस, बाई. मी त्यांना नावं दिली होती." हे तो मोठ्याने बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ती दारातून बाहेर जाताना कुणी वाट दिली नाही, तिला खुर्च्यांमधून वळसा घालावा लागला.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण खरं तेच लिहायचं. फार बरं वाटलं. सगळे गेल्यावर फेरी केली, फ्रिज सोडून सगळं बंद केलं.

बुधवार, १८ मार्च

७.३० ते ९. आता तर तिच्याकडे किल्लीही नाही. काहीतरी आत पेरून ठेवलंय. यंत्रच बदला म्हटलं ग्वेनला.

मंगळवार, २४ मार्च

कौन्सिलने नवा लॅपटॉप दिला. मी स्वतः बसवला. अपडेट नाही, झोप नाही, कॉरिन नाही. तिच्या घरापुढे विक्रीची पाटी होती, त्यावर "विकलं" अशी पट्टी लागली म्हणतात. जाईना का.

बुधवार, २५ मार्च

काल रात्री ९.१५ ते आज ९.०५.

नवं यंत्र. नवी बॅटरी. तोच दोष.

शुक्रवार, २७ मार्च

दोन दिवस झोप नाही. अपडेट नाही, म्हणजे मग काय बदललं? सगळं बदललंय, लॅपटॉपसुद्धा, आणि दोष तोच आहे. म्हणजे जे बदललं नाही त्यात दोष आहे. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी पोरांना शिकवलंय.

आज पाचला नेहमीसारखं बंद केलं. उद्या रोपंवाल्या बायकांच्या आधी, सातला जाऊन बघणार. आजवर मी नेहमी त्यांच्या मागून गेलो.

शनिवार, २८ मार्च

सातला गेलो. हॉलमध्ये कुणी नव्हतं. लॅपटॉप काळा, बॅटरी संपलेली. चार्जरचा दिवा विझलेला.

मी लाइनमन आहे. वायर हातात धरली आणि बोट फिरवत गेलो, चार्जरपासून ओट्याच्या मागे, बंबाच्या मागून, भिंतीपर्यंत. ओळीतलं चौथं सॉकेट. बटण बंद होतं. काल मीच बंद केलं होतं. मंगळवारीही, त्याआधीच्या शुक्रवारीही, आणि दहा तारखेला. सकाळी बायका बंब लावायच्या, ओळीतली सगळी बटणं दाबायच्या, आणि मी मागून येऊन हिरवा दिवा बघायचो.

वाकून बघितलं. बटणाच्या खाचेत अजून थोडा लाल राहिलाय, चाकूचं टोक जिथे पोचलं नाही तिथे.

घरी येऊन बाटली काढली. व्हर्नाने एवढंच वापरलं होतं, एका ठिपक्यापुरतं. चार वर्षांपूर्वी यंत्र बसवलं त्या दिवशी, स्वतःलाच आठवण राहावी म्हणून. हे बटण सोडायचं. बाकी सगळी बंद, फ्रिज आणि हे सोडून. आणि मी त्या बाटलीवरून तिच्याबद्दल काय काय मनात आणलं. ते वर लिहिलंय, खोडणार नाही.

एक डिसेंबरला अपडेट. दोन डिसेंबरला मी. त्या आठवड्यात बदललेल्या दोन गोष्टी, आणि पहिल्याच पानावर मी एकच लिहिली.

रविवार, २९ मार्च

कॉरिनकडे गेलो. ओसरीवर खोकी. दार उघडून ती आत या म्हणाली नाही.

"बटण," मी म्हटलं. "चौथं."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"जानेवारीत. वीज गेली नव्हती आणि मंगळवार-शुक्रवारच. मग दारात उभं राहून पाहिलं."

"सांगितलं का नाहीस?"

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "दारात सांगायला लागले, तुम्ही गप्प केलंत. पट्टी लावली, 'हे बंद करू नका' म्हणून लिहिलं, तुम्ही काढलीत. हॉल मी बंद करते म्हटलं, नको म्हणालात. मग मी दर वेळी तुमच्या मागून जाऊन ते चालू करून यायला लागले. सहा आठवडे. मग तुम्ही किल्ली घेतलीत."

"ग्वेनला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तिने फेरी तुमच्याकडून काढून घेतली असती. व्हर्नाला जाऊन किती दिवस झाले होते? मी म्हटलं जाऊ देत थोडे दिवस. किल्ली गेली त्या दिवशी रात्री ग्वेनला फोन करायचं ठरवलं होतं. मग वाटलं, सोमवारी. सोमवारी वाटलं, बुधवारी तुम्हालाच समोर बसवून सांगते. बुधवारी तर..." ती थांबली. "तेवढं माझं. तेवढ्याला मी जबाबदार आहे."

"आणि सभेत?"

"सभेत तुम्ही वही वाचत होता आणि लायल तुमच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. मी बोलले असते तर तुम्ही खरं मानलं असतं?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगतो. ग्वेनला, लायलला. तू जाऊ नकोस.

"घर विकलं गेलंय, अथॉल," ती म्हणाली. आत टेप ओढण्याचा आवाज आला, तिची बहीण खोकी बांधत होती. "व्हर्ना मला म्हणायची, अथॉलला हे नाही कळायचं, मी ठिपका देते. आम्ही हसलो होतो त्यावर. तुम्हाला सांगायला हवं होतं तिनेसुद्धा."

दार बंद केलं तिने. आपटलं नाही.

सोमवार, ३० मार्च

सकाळी ग्वेनला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, किल्ली ओट्यावर ठेवून जा.

संध्याकाळच्या धारा संपताना लायलकडे गेलो. तो एकटा होता, दूध काढायच्या यंत्राचे पेले धुवत होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ठिपका, चाकू, पट्टी, किल्ली. माझ्या तोंडून ते फार लवकर संपलं. वहीत पंचवीस पानं गेली आहेत आणि तिथे दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लायलने नळ बंद केला नाही. एकेक पेला उलटा टांगत राहिला. नऊ कालवडी बाहेर उभ्या होत्या, त्यातली एक दारातून आत बघत होती.

"मी त्या बाईला सगळ्यांसमोर बोललो," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"तू बोलू दिलंस."

"मला तेव्हा माहीत नव्हतं, लायल."

"तुला बरं वाटत होतं. मी शेजारी बसलो होतो ना. माझा हात होता तुझ्यावर."

सहा वर्षांचे असल्यापासून मी त्याला ओळखतो. माझ्या लग्नात तो होता, व्हर्नाची शवपेटी उचलायलाही होता. मी म्हटलं, कुरणाचं कुंपण दुरुस्त करायला येतो उद्या, तारेचं काम मला येतं. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी निघालो.

"जाताना दिवा बंद कर, अथॉल," तो म्हणाला.

बटण दाराजवळच होतं. माझा हात तिथे गेला आणि थांबला. तो आत उभा होता, बाहेर काळोख पडत आला होता.

"कर की," लायल म्हणाला. "ते तुला जमतं."

मी बटण बंद केलं आणि गाडीपर्यंत चालत आलो.